पुढं पोलीस हायेत

दुचाकीवाल्याला हात केला की तो आधी वेगाच्या काट्याकडे बघत नाही, आरशात बघतो. मागे दुसरं कुणी असेल, हात त्याला केला असेल, ही आशा. मागचा रस्ता मोकळा दिसला तरी तो छातीवर बोट ठेवून डोळ्यांनीच विचारतो, "मी?" नोकरीची शेवटची वर्षं मी या प्रश्नाला मान हलवून "हो, तूच" एवढंच उत्तर देत काढली.

आता निवृत्त होऊन केडगावात राहतो. या अंकाचे संपादक आमच्याच कॉलनीतले. सकाळी फिरताना म्हणाले, "तुमच्या त्या उताराची गोष्ट लिहा की." त्या उताराबद्दल तेव्हा पेपरात आलं होतं. माझा फोटो होता आणि खाली छापलं होतं की एका फौजदाराच्या कडक शिस्तीमुळे जीवघेणं वळण शांत झालं. ते कात्रण बायकोनं फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावलंय. पाहुणे चहा पिता पिता ते वाचतात आणि माझ्याकडे आदरानं बघतात. मी खिडकीबाहेर बघतो. संपादकांना हवी आहे तीच गोष्ट लिहितो आहे, पण पेपरात आली तशी नाही.

आधी धंदा समजावून सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

वेग मोजायचं मशीन दुर्बिणीसारखं असतं. येणाऱ्या गाडीवर नेम धरून बटण दाबलं की आकडा दिसतो, फोटो निघतो, नंबरप्लेट टिपली जाते. वर एक जण मशीनवर आणि खाली एक जण रस्त्यावर, अशी जोडी असते. वरच्यानं वायरलेसवर सांगायचं, "काळी पल्सर, लाल शर्ट", आणि खालच्यानं हात करायचा. पूर्वी पावती फाडत असू, आता हातातल्या छोट्या मशीनवर गाडीचा नंबर टाकला की गाडीवाल्याच्या मोबाईलवर मेसेज जातो. लोक अजूनही "पावती फाडली" असंच म्हणतात.

उभं कुठं राहायचं, यात खरं कसब. सरळ रस्त्यावर उभं राहिलात तर पोलीस लांबून दिसतो आणि सगळी दुनिया साधू होते. म्हणून उतार संपतो तिथे, झाडाच्या आडोशाला. उतारावर माणसानं रेस सोडली तरी गाडी पळतच असते. लोक याला दबा धरून बसणं म्हणतात. आम्ही 'पॉइंट लावणं' म्हणायचो.

आणि गिऱ्हाइकं! थांबवलेल्या दुचाकीवाल्यांत सगळ्यात जास्त आजारी पडणारा नातेवाईक म्हणजे सासरा. सासऱ्याला झटका आलाय म्हणून पळणारे इतके जावई मी पाहिले की सासुरवाडीचं प्रेम कमी झालंय असं कुणी म्हटलं की मला हसू येतं. एकदा एक जोडपं थांबवलं. नवरा सुरू झाला, "साहेब, सासरे सिरीयस आहेत." मागे बसलेली बायको डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "अहो, माझे वडील आत्ताच फोनवर बोलले माझ्याशी. साहेब, पावती फाडाच. सुप्यापासून सांगतेय, हळू घ्या, हळू घ्या."

नवरा म्हणाला, "तू कुणाच्या बाजूनं आहेस?"

"मशीनच्या," ती म्हणाली.

एक गुरुजी होते. तिथी दाट असली की एका दिवसात तीन लग्नं लावायचे आणि स्कूटरवर या गावाहून त्या गावाला पळायचे. मी थांबवलं तेव्हा पिशवीतून पंचांग काढून म्हणाले, "हा मुहूर्त चुकला तर दोष तुम्हाला लागेल." मी म्हटलं, "आणि वळण चुकलं तर?" ते हसले, दंड भरला आणि जाताना मला अक्षता देऊन गेले.

दूधवाल्याची मला फार आठवण येते. दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेली जुनाट गाडी, सपाटीवर सायकलीला मागे टाकणार नाही अशी. उतारावर मशीननं तिला पकडलं. आकडा पाहून माणूस खूश. म्हणाला, "साहेब, ह्येचा फोटू मिळंल का? डेअरीवरची पोरं म्हनत्यात तुझं डबडं पळत न्हाई."

हे झालं गमतीचं. वेगानं मेलेल्यांच्याही आठवणी आहेत, पण त्या मी सांगणार नाही. त्यांच्या घरचे लोक हा अंक वाचत असतील.

आता एक रीत सांगायला हवी. पोलिसांचा पॉइंट ओलांडून पुढे गेलेला दुचाकीवाला समोरून येणाऱ्यांना इशारा करतो. भर उन्हात हेडलाइट लावतो-विझवतो, नाहीतर हात बाजूला काढून तळवा खाली दाबल्यासारखा हलवतो. अर्थ एकच, हळू, पुढे पोलीस आहेत. दोघं एकमेकांना ओळखत नसतात, जात-गाव काही विचारलेलं नसतं. स्वतःच्या खिशातून पाचशे गेलेला माणूससुद्धा समोरच्याचे वाचवायला धडपडतो. आम्हाला या लोकांचा भारी राग. आमच्या लेखी तो आमचं सावज उठवणारा माणूस. साहेब आठवड्याच्या शेवटी विचारायचे ते 'किती केसेस केल्या' हेच. 'किती जण हळू गेले' हे कुणी कधी विचारलं नाही, आणि मीही त्याचा विचार केला नाही.

तो उतार पारनेर तालुक्यातला. माथ्यावरून रस्ता एकदम खाली येतो आणि पायथ्याशी डावीकडे असा वळतो की नवख्याला वळण दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. पाटी होती. पाट्या कोण वाचतं! तिथे दुचाकी घसरणं नित्याचं झालं होतं. म्हणून आम्हाला आठवड्यातून दोन दिवस तिथे पॉइंट लावायचा हुकूम झाला. मी आणि हवालदार भोसले. भोसले माझ्याहून तरुण, मशीनवर नेम धरण्यात पटाईत, आणि तोंडाचा फटकळ.

पहिले काही आठवडे केसेस जोरात झाल्या. मग एक दिवस काय झालं कुणास ठाऊक, सगळी दुनिया शहाणी झाली. जो येतो तो हळू. तीस, पस्तीस. कॉलेजची पोरं हात जोडल्यासारखी गाडी चालवत येतायत. एकानं तर जाता जाता मला "राम राम साहेब" घातला.

भोसले मशीन खाली ठेवून म्हणाला, "साहेब, मशीन बिघडलं, न्हाईतर मानसं बिघडली."

"वर कुणीतरी इशारा करतंय," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी आमचा पॉइंट नव्हता. मी साध्या कपड्यात, भाच्याची मोटरसायकल घेऊन माथ्यावरून उतरायला लागलो. उताराच्या तोंडाशीच, रस्त्याला चिकटून, एक रसवंती होती. वर पाचटाचं छप्पर, चरकाला घुंगरं. साठीच्या आसपासची एक बाई बाहेर आली, माझ्याकडे बघून हात पुढे केला आणि तळवा खाली दाबत ओरडली, "हळू घे रं दादा! पुढं पोलीस हायेत!"

मी गाडी उभी केली. मनात म्हटलं, सापडली.

"कुठं आहेत?" मी विचारलं.

"खाली लिंबापाशी. दोघं हायेत. एक मशीनवाला आन् एक पोटवाला."

पोटवाला मी. मी पोट आत घेतलं आणि म्हटलं, "मावशी, मीच तो पोटवाला."

दुसरी कुणी असती तर घाबरली असती. या बाईंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, आत गेल्या आणि रसाचा ग्लास घेऊन आल्या. "बसा. वर्दी नसली की बरं दिसता तुमी."

त्यांना तिथे सगळे मावशीच म्हणायचे. मीही तेच म्हणालो. रस प्यायलो, आणि पिऊन झाल्यावर त्यांना झाडलं. सरकारी कामात अडथळा, गुन्हा दाखल होईल, असं बरंच बोललो. त्या ऐकून घेत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "साहेब, खाली कोन पडलं की पळत कुठं येत्यात? हितंच. पानी द्या, बर्फ द्या. रसाचा बर्फ जखमेवर जातो. मग गिऱ्हाइकाला मी काय देऊ? आन् रगात पाहिल्यावर चार दिवस कोन रस पीत न्हाई हितं. माझा धंदा बसतो."

"म्हणून आमचा बसवता?"

"तुमचा काय धंदा हाय व्हय?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं नोकरी हाय."

या उत्तराचा मला राग आला. खरं असलेल्या गोष्टीचा येतो तसा. रसवंती रस्त्याच्या हद्दीत होती, अतिक्रमण होतं. मी म्हटलं, "ही झोपडी इथून हलवायची. वळणाच्या खाली, पलीकडे मोकळी जागा आहे तिथे जा. नाहीतर जेसीबी आणतो." जेसीबी आणायचा मला काडीचा अधिकार नव्हता, पण त्यांना ते माहीत नव्हतं. आठवड्याभरात छप्पर वळणाच्या खाली गेलं. भोसलेनं मला टाळी दिली. केसेस पुन्हा सुरू झाल्या. साहेब खूश झाले.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. राहात्याचा एक तरुण, पेरूच्या व्यापाऱ्याकडे कामाला असलेला, पारनेरच्या बाजाराकडे पहिल्यांदाच त्या रस्त्यानं येत होता. माथ्यावरून सुसाट उतरला. वळणावर गाडी सुटली. आम्ही त्या दिवशी तिथे नव्हतो. मावशी होत्या, वळणाच्या खाली. त्यांनी त्याला रस्त्यातून ओढून काढलं, बर्फाची अख्खी लादी फोडून त्याच्या पायाला लावली, येणारा टेम्पो आडवं उभं राहून थांबवला आणि त्याला दवाखान्यात धाडलं. जीव वाचला. पाय पुढे कधी सरळ झाला नाही.

जबाब घ्यायला मी दवाखान्यात गेलो. पोराला बोलायला त्रास होत होता. मी नेहमीचं विचारलं, वेग किती होता, ब्रेक लागला का. तो म्हणाला, "रस्ता नवीन हुता साहेब. कुनी सांगितलंच न्हाई."

नगरला परतताना मी स्वतःची समजूत घालत होतो. आपण तिथे असतो तरी त्याला थांबवला असता वळणाच्या पुढेच. म्हणजे तो पडल्यावर. हा विचार जरा सविस्तर करून बघा. आमचा पॉइंट वळणाच्या पलीकडे होता. ज्याला आम्ही पकडत होतो तो वळणातून वाचून आलेला माणूस. जो वाचत नव्हता तो आमच्यापर्यंत पोचतच नव्हता. इतकी वर्षं नोकरी केली आणि हे मला त्या दिवशी गाडीत बसल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी मावशींकडे गेलो. वर्दीत. त्या छपराखाली पाण्यानं बाकडं धूत होत्या.

मी म्हटलं, "मावशी, आम्ही असलो की तुम्ही इशारा करायचात. पण तो पोरगा आला तेव्हा आम्ही नव्हतोच. मग तुम्ही वर असतात तरी काय उपयोग झाला असता?" खरं सांगतो, हा प्रश्न मी स्वतःच्या सुटकेसाठी विचारला होता. त्यांनी 'व्हय, खरं हाय' म्हणावं एवढंच मला हवं होतं.

त्यांनी फडकं पिळलं. "तुमी आठवड्यातनं दोन दिस असता. मी रोज सांगायची."

"रोज काय सांगायचात?"

"पुढं पोलीस हायेत म्हनून."

"आम्ही नसताना?"

"मग काय सांगू? पुढं वळन हाय म्हनू? त्ये तर पाटीवर बी लिहलंय. साहेब, मरनाला कोन भेत न्हाई. आपन मरनार न्हाई असं हरेकाला वाटतं. पावतीला भेत्यात. पावती सगळ्यांनी पाह्यलीय."

मला आठवलं. मी साध्या कपड्यात उतरलो तो दिवसही आमच्या पॉइंटचा नव्हता. लिंबापाशी कुणीच नव्हतं. तरी त्यांनी मला "एक मशीनवाला आन् एक पोटवाला" असं वर्णनासकट सांगितलं होतं. मी पोलीस असून फसलो होतो, आणि इशाऱ्याच्या रागात ते माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

मी खाली बसलो. म्हटलं, "मावशी, परत वर चला."

"न्हाई."

"मी सांगतोय ना."

"तुमीच खाली घातलं. आता जेसीबी कुठं गेला?"

"जेसीबी माझ्या हातात नव्हताच," मी म्हटलं. माझ्या नोकरीत कबुलीजबाब मी पुष्कळ घेतले. दिलेला हा पहिला.

त्या हसल्या नाहीत. फडकं वाळत घालून म्हणाल्या, "वर जाईन. पन माझी एक अट हाय."

मला वाटलं, जागेचा कागद मागतील, लाईटचं कनेक्शन मागतील. त्यांनी मागितलं ते वेगळंच.

"नुसतं पोलीस हायेत, पोलीस हायेत म्हनून किती दिस चालंल? ह्या रस्त्याची पोरं हुशार हायेत. दोन-तीन येळा खाली कोन दिसलं न्हाई की माझ्याकडं बघून हसायला लागत्यात. मग माझं कोन ऐकनार? तवा मी सांगंन त्या दिवशी तुमी यायचं. ठरल्या वारी न्हाई. ठरल्या वारी आलात तर पोरं वार पाठ करत्यात."

म्हणजे पोलिसांचा पॉइंट कोणत्या दिवशी लावायचा, हे रसवंतीवाली बाई ठरवणार. मी हो म्हटलं. लेखी हुकूम आठवड्यातून दोन दिवसांचा होता, कोणते दोन ते आमच्यावर होतं, एवढीच मला पळवाट.

तेव्हापासून आमची विचित्र भागीदारी सुरू झाली. सकाळी फोन यायचा. "आज या. काल डेअरीची पोरं हसून गेली." नाहीतर, "या आठवड्यात नको, लोक लई भ्यालेत. उगं उन्हात कशाला उभं राहता." आम्ही आलो की त्या उलटंच करायच्या. त्या दिवशी इशारा बंद. चारदोन जण वेगात खाली यायचे, आमच्याकडून पावती घ्यायचे आणि गावात जाऊन सांगायचे, "आज म्हातारी बोलली न्हाई आन् नेमके पोलीस हुते. बोलली असती तर पैसं वाचलं असतं." दुसऱ्या दिवसापासून म्हातारीच्या शब्दाला पुन्हा वजन. कधी मधूनच आम्ही असतानाही त्या इशारा करायच्या, म्हणजे हळू आलेल्याला खाली आम्ही दिसायचो आणि त्यांचं बोलणं खरं ठरायचं. कोणत्या दिवशी कुठली चाल, हे मला कधी उमगलं नाही. आणि पॉइंट आम्ही वळणाच्या अलीकडे आणला. तिथे आम्ही लांबून दिसत असू. दिसू दे, म्हटलं.

एकदा तो खूश झालेला दूधवाला माझ्याकडे तक्रार घेऊन आला. "साहेब, तुमी नसता तवाबी म्हातारी सांगती पोलीस हायेत. खोटं बोलती. तिला समज द्या."

मी म्हटलं, "आम्ही नसतो हे तुला काय माहीत?"

तो विचारात पडला. "म्हंजी झाडावर-बिडावर असता का काय?"

"ते सांगायला परवानगी नाही," मी म्हटलं. पुढे बरेच दिवस तो जाताना झाडांकडे बघत जायचा. अर्थात हळू.

केसेस घटल्या. साहेबांनी मला बोलावून खडसावलं. "काय करता दिवसभर? रस पिता?" तेही खरं होतं. भोसलेनं माझी बाजू घेतली. तोवर तोही मावशींच्या बाजूला गेला होता. त्याच्या मोबाईलवर मावशींचं नाव 'कंट्रोल रूम' असं होतं. पावसाळ्यात रस बंद झाला की त्या तिथेच कणसं भाजायच्या. तेव्हाही हात तसाच पुढे. एका हातात कणीस असलं तर कणीस खाली दाबायच्या.

वळणावर माणसं पडायची थांबली. अगदीच थांबली असं नाही, पण मी तिथे असेपर्यंत त्या वळणावर पुन्हा कुणी दगावलं नाही. ही गोष्ट वरपर्यंत पोचली. साहेब बदलून गेले होते, नव्या साहेबांनी माहिती मागवली, आणि मला सत्काराला बोलावलं. पेपरवाले आले. मंचावर मला विचारलं, "हे कसं साधलं?"

मला बोलता आलं असतं. मी म्हणालो, "सातत्य आणि शिस्त."

का म्हणालो? बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मावशींचं नाव घेतलं असतं तर अतिक्रमणाचा प्रश्न निघाला असता, त्यांचं छप्पर गेलं असतं. ते खोटं नाही. पण गळ्यात हार पडला तेव्हा मला छप्पर आठवलं नव्हतं. मला बरं वाटत होतं, एवढंच. मुलगी समोरच्या रांगेत बसून फोटो काढत होती.

दुसऱ्या दिवशी पेपर घेऊन मावशींकडे गेलो. त्यांना वाचता येत नव्हतं. फोटो पाहून म्हणाल्या, "पोट लई दिसतंय ह्यात." बातमीत काय लिहिलंय ते त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. रस प्यायलो आणि आलो.

पुढे मी निवृत्त झालो. रस्ता रुंद झाला, वळण कापून सरळ केलं, रसवंती गेली. भोसले आता पुण्याकडे आहे. राहात्याचा तो तरुण अजून पेरूच्याच धंद्यात आहे, स्वतःचा गाळा आहे. हंगामात एकदा मी तिथे जातो, तो पेरू देतो. पाय ओढत चालतो. त्याला मी सगळं सांगितलं, रसवंती मी हलवली होती हेही. तो म्हणाला, "मला ज्यांनी काढलं त्या मावशींना पेरू पोचवाल का?"

पेरूची ती पेटी घेऊन यंदा मावशींच्या गावी गेलो. संपादकांना हो म्हटलं होतं आणि लिहिण्याआधी त्यांना विचारायला हवं होतं. थोरल्या लेकाकडे असतात. नजर अधू झालीय. आवाजावरून ओळखलं. "फौजदार आलेत का? पोट हाय का गेलं?"

मी त्यांना सगळं सांगितलं. सत्काराच्या वेळी काय बोललो ते, पेपरात काय आलं ते. त्या पेरू चाचपत ऐकत होत्या. मी म्हटलं, "आता खरं काय ते छापून आणतो. तुमचं नाव घालून."

"नको."

"का नको?"

"पोलीस नसतात तवाबी म्हातारी पोलीस हायेत म्हनते, हे लोकांना कळलं तर? उद्या दुसऱ्या कुठल्या उतारावर कोन बाई सांगंल, तिचं कोन ऐकंल?"

मी म्हटलं, "मावशी, तो रस्ता आता सरळ झाला."

"जिल्ह्यातले बाकीचे झाले का सरळ?"

त्यांचं म्हणणं मोडून मी हे लिहिलं असतं तर पुन्हा एकदा त्यांच्यावर माझी हुकूमत चालवल्यासारखं झालं असतं. आणि न लिहिता राहिलो असतो तर बाहेरच्या खोलीतली ती फ्रेम खरी ठरली असती. त्यांच्या सुनेनं चहा आणला. मग मावशीच म्हणाल्या, "एवढं मनाला लावून घेतलंय का तुमी?"

"हो."

"मग टाका नाव. पन जागा टाकू नका. गाव नको, वळन नको. आन् खाली लिहा की आता मात्र खरंच पोलीस असत्यात."

मी म्हटलं, "मावशी, सत्कार तुमचा होता. मी घेतला."

"येड्यावानी बोलू नका फौजदार," त्या म्हणाल्या. "मी नुसती म्हनायची. तुमी येऊन उभं राहायचा. येकदा ताप अंगात असताना आल्तात, मला भोसल्यानं सांगितलं. तुमी आला नसतात तर माझं बोलनं खोटंच राह्यलं असतं. म्हाताऱ्या बाईच्या सांगन्यावरनं कुठला पोलीस उन्हात उभा राहतो?"

मी उठलो तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, त्यांना दिसलं नाही हे बरं झालं. दारात आल्यावर लक्षात आलं की मला त्यांचं नावच माहीत नाही. इतकी वर्षं मावशी, मावशी. मागे वळून विचारलं. त्या मोकळेपणानं हसल्या आणि पूर्ण नाव सांगितलं. मी ते दोनदा म्हणून घेतलं.

त्यांच्या अटी मी पाळल्या आहेत. तालुका आधीच बोलून गेलो, त्याबद्दल त्यांची बोलणी खाईन. पण त्या तालुक्यात उतार पुष्कळ आहेत, तेव्हा कोणता ते कुणी विचारू नये. आणि आता मात्र खरंच पोलीस असतात.

राहिली फ्रेम. ती मी काढणार नाही, बायकोची आहे. तिच्याखाली हा लेख लावीन, म्हणजे पाहुण्यांना दोन्ही वाचता येतील. ज्यांच्याकडे ते पेपरचं कात्रण अजून असेल त्यांनी त्यात एवढी दुरुस्ती करून घ्यावी, की त्या उतारावरचा वेग हौसाबाई किसन औटी यांनी कमी केला. मी त्यांच्या सांगण्यावरून उभा होतो.